पन्नाशीच्या पुढची नोंद

आजचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. बायकांची पाळी जाण्याचे वय, त्या वयात सुटणारे पोट आणि मागोमाग येणारी दुखणी यांवर इतिहास शिकविणाऱ्या मास्तराने, त्यातही पुरुषाने, कशाला बोलावे? हे काम डॉक्टरीणबाईंचे. शंका रास्त आहे. डॉक्टरकी मला येत नाही आणि करावयाचीही नाही. पण जुने कागद वाचणे हा माझा धंदा आहे, आणि या धंद्यात माणसाला एक खोड लागते. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता वाचता, काय लिहावयाचे राहून गेले आहे तेही तो शोधू लागतो. आज सांगावयाची गोष्ट अशाच एका राहून गेलेल्या नोंदीची आहे.

ती मला प्रथम दिसली ती आमच्याच घरात. आमचे गाव वैनगंगेच्या काठचे, धानाचे. आई बावन्न वर्षांची असताना रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून पाय घसरून बांधीत पडली. पडणे काही मोठे नव्हते, पण मनगट मोडले. हाड बसविले, प्लास्टर घातले, दोन महिन्यांनी ती पुन्हा कामाला लागली. एवढ्याशा पडण्याने हाड का मोडावे, हे कोणी विचारले नाही. त्याआधी तीन-चार वर्षे ती रात्री उठून अंगणात बसत असे. "आंगातून वाफा निघतात रे बाबू," म्हणायची. आम्ही म्हणायचो, उन्हाळा आहे. तिचे पोट सुटू लागले तेव्हा आम्ही म्हटले, आता सून आली, आराम मिळतो आहे. पुढे अठ्ठावन्नाव्या वर्षी एका पहाटे तिचा उजवा हात लुळा पडला आणि तोंड वाकडे झाले. दवाखान्यात विचारले, "रक्तदाब कधीपासून आहे?" आम्हां भावंडांपैकी एकालाही सांगता येईना. घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. तीत आईच्या नावाचा दवाखान्याचा शेवटचा कागद होता तो धाकट्या भावाच्या बाळंतपणाचा. त्यानंतरच्या बत्तीस वर्षांत तिच्या प्रकृतीबद्दल कोणी एक ओळ लिहिलेली नव्हती.

आई बचावली. आज बोलते, थोडे अडखळत; डाव्या हाताने तांदूळ निवडते. पण ती पेटी काही माझ्या डोक्यातून जात नाही. बत्तीस वर्षे कोरी कशी राहिली? आमचे दुर्लक्ष तर होतेच, ते मी नाकारीत नाही. परंतु शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की हे कोरेपण आमच्या एका घरापुरते नाही. त्याला मोठा इतिहास आहे.

पाळी जाण्याचे वय आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत सांगितले आहे की स्त्रीचा ऋतू बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतो आणि पन्नाशीला, शरीर पिकल्यावर, संपतो. आजही भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, तर पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या सुमारास. आपल्याकडे हा आजार मानला गेला नाही, आणि ते योग्यच होते. उलट लोकरीतीत ती एक सुटका होती. "विटाळ सुटला" असे म्हाताऱ्या बाया म्हणत, ते उगीच नव्हे. गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्लीकडील माडिया गोंडांच्या गावांत पाळीच्या दिवसांत बाईने वस्तीपासून वेगळ्या झोपडीत राहावयाचे असा रिवाज आहे. त्या झोपडीला कुर्माघर म्हणतात. पावसाळ्यात गळते छप्पर, रात्री साप-विंचवाची भीती आणि जेवण दुसऱ्याने आणून देईल तेव्हा. पाळी गेली की कुर्माघरही सुटते. देवाधर्माची आडकाठी जाते. अडलेल्या बाळंतिणीकडे रात्री-अपरात्री ज्या दाईला बोलावतात ती बहुधा याच वयाची असते. म्हणजे मान वाढतो, मोकळीक वाढते.

पण या मोकळिकीला दुसरी बाजू आहे. चांद्याच्या महाकालीचे देऊळ गोंड राणी हिराई हिने बांधविले असे आपण अभिमानाने सांगतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर, अठराव्या शतकाच्या आरंभी, दत्तक मुलाच्या नावाने राज्य चालविणारी ती कर्ती बाई. चैत्रात त्या देवीच्या यात्रेला मराठवाड्यापर्यंतच्या गावांहून माणसे लोटतात. डोक्यावर गाठोडे घेऊन उन्हातून येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या बाया त्या गर्दीत किती असतात ते एकदा पाहा. हिराईची नोंद इतिहासात राहिली, कारण ती राणी होती. गाठोडेवालीची नोंद दोनदा होते, लग्नात आणि बाळंतपणात. बाळंतपणे संपली की वहीही मिटते.

कोणी म्हणेल, जुन्या काळी पन्नाशी गाठत होतेच कोण? स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होते, हे खरे. पण सरासरीने फसू नये. तो आकडा खाली ओढला जात होता तो मुख्यतः बालमृत्यूंमुळे. बालपण आणि बाळंतपणे यांतून जी तरली ती पुष्कळदा म्हातारी होत असे. आपल्या आज्या-पणज्या आठवून पाहा. आज सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे. पाळी गेल्यावर बाईला पंचवीस-तीस वर्षे जगावयाचे असते. आयुष्याचा हा एक तृतीयांश भाग झाला. एवढा मोठा काळ हिशेबाबाहेर ठेवणे आता कोणत्याही घराला परवडणारे नाही.

युरोप-अमेरिकेत मात्र उलटा प्रकार झाला. तिकडे या वयाची दखल घेतली गेली, पण दुखणे म्हणून. द गार्दान नावाच्या फ्रेंच वैद्याने १८२१ च्या आपल्या ग्रंथात 'मेनोपॉज' हा शब्द रूढ केला. आपला 'रजोनिवृत्ती' हा शब्द त्याच अर्थाचा. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत ब्यूटेनांट यांनी स्त्रीच्या अंडाशयातील स्राव, म्हणजे इस्ट्रोजेन या वर्गातील एक द्रव्य, शुद्ध रूपात वेगळे काढले. १९४२ मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रापासून केलेली इस्ट्रोजेनची गोळी अमेरिकेत विक्रीस आली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी पुस्तक लिहून सांगितले की पाळी जाणे हा एक अभावाचा रोग आहे आणि गोळी घेत राहिल्यास तारुण्य टिकते. लाखो बायकांनी ते खरे मानले. पुढे फार मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली. सोळा हजार सहाशेहून अधिक स्त्रियांवर चाललेला दोन संप्रेरकांच्या गोळ्यांचा तो अभ्यास २००२ च्या जुलैत वेळेआधीच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत अधिक दिसले. हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र कमी झाले होते. नंतरच्या अभ्यासांनी आणखी बारकावा आणला. साठीच्या आतील, पाळी जाऊन फार वर्षे न झालेल्या आणि अंगातल्या वाफांनी हैराण झालेल्या बाईला डॉक्टरच्या देखरेखीखाली ही औषधे उपयोगी पडू शकतात. पण वजन उतरविण्यासाठी किंवा हृदय राखण्यासाठी ती घ्यावयाची नाहीत. म्हणजे एका टोकाला आमची उपेक्षा आणि दुसऱ्या टोकाला त्यांची गोळी. खरे काय ते मधे कोठेतरी आहे, आणि ते समजण्यासाठी शरीरात काय घडते ते थोडे पाहावे लागेल.

पाळी बंद होते म्हणजे अंडाशयांचे काम थांबते आणि इस्ट्रोजेन उतरते. हा स्राव केवळ गर्भासाठी नसतो. हाडे, रक्तवाहिन्या, झोप आणि चरबीची जागा, एवढ्यांवर त्याचा ताबा असतो. तरुणपणी बाईची चरबी नितंबांवर, मांड्यांवर साठते. पाळी गेल्यावर ती पोटाकडे सरकते आणि यकृत-आतड्यांच्या आसपास जमते. ही आतली चरबी घातक. तिच्यामुळे रक्तातली साखर चढते, रक्तदाब वाढतो, रक्तातील वाईट स्निग्धांश वाढतात. हाडांचा कस शेवटच्या पाळीच्या आगेमागे काही वर्षे झपाट्याने उतरतो. माझ्या आईचे मनगट का मोडले, याचे बहुधा हेच उत्तर होते. आता वजनाविषयी. केवळ पाळी गेली म्हणून वजन भरमसाट वाढत नाही. वय वाढते तसे स्नायू घटतात, हालचाल कमी होते आणि ताट मात्र तेवढेच राहते. त्यातून वजन चढते. पाळी जाण्याने प्रामुख्याने बदलते ती चरबीची जागा. म्हणून काट्यावर वजन तेवढेच दिसले तरी कमरेचा घेर वाढलेला असू शकतो. हे कोणाला सुचावे कसे, जर मोजलेच नाही तर?

आणि मोजले गेले नाही, याचे कारण आपल्या सरकारी वह्यांत सापडते. १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असे करणारे आपले पहिले राष्ट्र. त्या कार्यक्रमाने गावोगाव परिचारिका नेली, हे त्याचे उपकार. पण त्याबरोबर बाई मोजण्याची एक पद्धतही पडून गेली. पात्र जोडप्यांची नोंदवही, गरोदर मातांची नोंदवही, लसीकरणाची नोंदवही. मूल होऊ शकते तोवर बाई वहीत, नंतर वहीबाहेर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होत आले आहे. त्याच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीतही बाईचे वजन, कमरेचा घेर आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासले गेले ते पंधरा ते एकोणपन्नास या वयातच. रक्तदाब आणि साखर मात्र त्या फेरीत प्रथमच त्यापुढच्या वयाच्या बायांचीही मोजली. पंचेचाळिशीपुढच्या माणसांचे वेगळे देशव्यापी सर्वेक्षण मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झाले. म्हणजे कुंपण हलू लागले आहे. पण साठ-पासष्ट वर्षे लागली.

या इतिहासात आपल्या जंगलपट्टीचे एक पान आहे आणि ते मानाचे आहे. जुन्या चांदा जिल्ह्याचा पूर्वभाग तोडून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे 'सर्च' ही संस्था काढली. राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत एक साधीच गोष्ट केली. दवाखान्यात आलेल्या बाईची वाट न पाहता गावातील बायांना, तेरा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना, तपासणीस येण्याचे आवाहन केले. गरोदर असण्याची अट नव्हती, तक्रार असण्याचीही नव्हती. सहाशे पन्नास स्त्रिया तपासल्या गेल्या. १४ जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्याचा अहवाल आला, तेव्हा जग चमकले. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता आणि एकेकीला सरासरी तीन-साडेतीनहून अधिक रोग होते. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी कधी झाली होती ती शंभरांत आठ जणींची. तक्रार नाही असे सांगणाऱ्या स्त्रिया शंभरांत पंचेचाळीस होत्या. म्हणजे बऱ्याच जणी दुखणे अंगावर वागवीत होत्या आणि त्याला दुखणे म्हणत नव्हत्या.

हा अभ्यास वजनाचा किंवा रजोनिवृत्तीचा नव्हता. त्यातील निम्मे आजार जंतुसंसर्गाचे होते. मग मी तो येथे का सांगतो? कारण बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण, ही समजूत त्याने मोडली, आणि ती मोडली ती मुंबई-पुण्यात नव्हे, आपल्या धानाच्या गावांत. विचारले की उत्तर मिळते, हा त्याचा धडा.

त्याच गडचिरोलीतून दुसरे उत्तर २०१५ मध्ये आले. सर्चच्याच डॉक्टरांनी शहाऐंशी गावांतील मृत्यूंची दोन वर्षे पद्धतशीर चौकशी केली. सोळाशेच्या जवळपास मृत्यूंत सर्वांत मोठे कारण निघाले पक्षाघात. शंभर मृत्यूंमागे चौदा. आपण समजत होतो की हिवताप, अतिसार, सर्पदंश ही जंगलातली मरणे आणि रक्तदाबाचा झटका हा शहरातील लठ्ठ शेठजींचा रोग. ती समजूत गेली. आईच्या पेटीकडे मी या आकड्याच्या उजेडात पाहतो तेव्हा वाटते, ती एकटी नव्हती.

येथे वाचक विचारील, आमच्या गडचिरोलीच्या बाया तर काटक, अंगावर मांस नाही. त्यांना हे रोग कसे? याचे काहीसे उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आसपासच्या खेड्यांतील माता आणि मुले यांचा १९९३ पासून अभ्यास करीत आले. २००४ मध्ये त्यांनी एक गमतीची तुलना प्रसिद्ध केली. ते स्वतः आणि लंडनचे एक शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा होता, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज गृहस्थांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२ टक्के! दोघे पुरुष होते, हे खरे. पण तात्पर्य बायांनाही लागू आहे: हातापायांनी बारीक दिसणारे भारतीय शरीर आत चरबी बाळगून असू शकते. म्हणूनच आपल्याकडे वजनाच्या निर्देशांकाची धोक्याची रेघ पंचविसाऐवजी तेविसावर ओढतात आणि बाईच्या कमरेचा घेर ऐंशी सेंटिमीटरच्या आत असावा म्हणतात. तेव्हा चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसच्या वसाहतींत राहणाऱ्या आणि जिना उतरण्यापलीकडे चालणे नसलेल्या बाईने सावध राहावे. आणि धानोऱ्याकडची मोहफुले वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी बाई बारीक आहे म्हणून तिनेही गाफील राहू नये.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, जरी ती आपल्या पट्टीची नसली तरी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये शासकीय समितीने चौकशी केली. ब्याऐंशी हजार तीनशे नऊ बायांपैकी तेरा हजार आठशे एकसष्ट जणींचे गर्भाशय काढलेले निघाले, त्यांतील पुष्कळ तरुण वयाच्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते; अंडाशय ठेवले तरी ती लवकर येण्याचा संभव असतो. मग हाडे झिजणे, पोट सुटणे, हृदयाचा धोका हे सारे पस्तिशी-चाळिशीतच दारात उभे राहते. "पिशवी काढली की कटकट गेली" असे कोणी सांगितले, तर तो सल्ला दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय मानू नये.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. यातले एकही माझ्या पदरचे नाही. सर्व जाणत्या डॉक्टरांचे आहे.

पहिली गोष्ट शिंप्याची टेप. गावातील आशाताईंकडे तीस वर्षांपुढील प्रत्येकासाठी एक तक्ता असतो. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल आणि घरातला आजार यांना गुण देतात. बाईचा घेर ऐंशीच्या आत असेल तर शून्य, नव्वदपर्यंत एक, त्यापुढे दोन. एकूण गुण चाराच्या वर गेले तर तपासणी आधी. हा तक्ता कमी गुणांसाठी झटण्याची एकच परीक्षा मी पाहिली आहे. आशाताई आल्या तर घरातल्या म्हातारीला "तू बस गं, तुझं काय आता" म्हणून मागे ठेवू नका. तिलाच पुढे करा.

दुसरे, रक्तदाब. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी मोजावा आणि आकडा लिहून ठेवावा. वरचा १४० किंवा खालचा ९० याच्या पुढे वारंवार गेला तर औषध सुरू करावे लागते, आणि बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करावयाचे नसते. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याएवढे, आणि त्यात लोणचे, पापड, सुकी मासळी यांतले मीठही धरावयाचे.

तिसरे, ताट. आमच्याकडे भातावर भात. भाताशी वैर नको, पण त्याचा डोंगर निम्मा करून त्या जागी वरण, उसळ, पालेभाजी, अंडे, ताक यायला हवे. मालगुजारी तलावांतील लहान मासे काट्यांसकट खाल्ले तर चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, भरपूर मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास असते. या वयातील बाईला दिवसाला हजार ते बाराशे लागते. वजन उतरविण्यासाठी उपास धरण्याच्या भरीस पडू नये. उपासाने स्नायू झडतात, हाडांना खाद्य मिळत नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी सगळा हिशेब चुकता करते. घरातल्या बाईने सगळ्यांच्या शेवटी, उरेल ते खाणे हाही एक जुना उपासच. तो आधी सोडावा.

चौथे, अंग. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे, आणि दोन दिवस तरी स्नायूंना ताण देणारे काम: हाताचा आधार न घेता पाटावरून उठणे-बसणे, कळशी उचलणे. रोवणी-कापणीत घाम गाळणाऱ्या बाईला वाटते, आमची कसरत झाली. हंगामात झालीच. पण बाकीच्या महिन्यांचे काय? पायांत बळ आणि तोल राहिला तर पडणे टळते, आणि पडणे टळले तर हाड मोडणे टळते.

पाचवे, खर्रा आणि नस. ही सवय आपल्याकडे बायांतही आहे आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. तोंडाचा कर्करोग आणि रक्तदाब दोन्ही त्या पुडीत बांधलेले असतात.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का होईना, तर लाज न धरता लगेच डॉक्टरला दाखवावे. ते कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते आणि वेळेवर सापडले तर उपाय असतो.

आईच्या आजारानंतर आमच्या घरी एक साधी वही केली आहे. तीत प्रत्येक बाईच्या नावे चार रकाने: शेवटची पाळी कधी, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर. पहिले नाव आईचे. तिच्या पाळीची तारीख विचारली तेव्हा ती हसली. "कोण लिहून ठेवते बापा," म्हणाली. थोड्या वेळाने आपणच आठवून सांगितले: ज्या वर्षी मोठी विहीर आटली, त्या वर्षीची अखाडी. आम्ही तेवढेच लिहिले. खाली माझ्या पत्नीचे नाव आहे, ती चव्वेचाळीस वर्षांची. तिच्या ओळी ती स्वतः लिहिते, तारखेसह.

वाचकहो, तुमच्याही घरी अशी एक पेटी असेल, तीत एखादे जुने बाळंतपणाचे कार्ड असेल. ते आज काढून पाहा. त्यावरची शेवटची तारीख किती वर्षांपूर्वीची आहे ते मोजा, आणि पुढची ओळ या आठवड्यात लिहा.